कॅपिटेला कॅपिटाटा: एक नाव आणि त्याखाली दडलेले कितीतरी किडे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

या भागाचं निमित्त एक मेल. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या कॉलेजात शिकणारी एक श्रोती. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी प्रोजेक्टसाठी खाडीतला चिखल काढला, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुतला, वर राहिलेले जीव मोजले. एका जागी नुसते बारीक लालसर किडे, दुसरं जवळजवळ काही नाहीच. सरांनी पुस्तक काढून दिलं, त्यातली किल्ली लावत लावत त्या एका नावापर्यंत पोचल्या: कॅपिटेला कॅपिटाटा. अहवालात वाक्य आलं, 'ही जात मोठ्या संख्येने आढळली, यावरून गाळ प्रदूषित असल्याचे दिसते.' इथवर सगळं ठीक. मग तिने सहज नेटवर नाव शोधलं आणि तिला दिसलं की हा किडा ग्रीनलँडचा आहे. तिचा प्रश्न असा: 'ताई, बर्फातला किडा आमच्या खाडीत कसा आला? जहाजातून?'

प्रश्न फार सुंदर आहे. आणि उत्तर बहुधा असं आहे की तो आलेलाच नाही. त्यांच्या चाळणीत जो होता तो दुसराच कोणीतरी. पण त्याला हेच नाव पडलं, आणि तसं ते जगभरच्या हजारो चाळण्यांतल्या किड्यांना पडलंय. ते कसं झालं, आणि ते निस्तरायला लोकांना काय काय करावं लागलं, ती आजची गोष्ट.

आधी किडा बघू

शाळेत वलयी प्राण्यांचा धडा आठवतोय? गांडूळ, जळू आणि तिसरं नाव नेरीस. गांडूळ सगळ्यांनी पाहिलेलं, जळू निदान ऐकलेली, आणि नेरीस हे फक्त परीक्षेपुरतं पाठ केलेलं नाव. हा नेरीस समुद्रातला. त्याच्या अंगावर प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंना कडक केसांचे झुबके असतात, पुस्तकी भाषेत दृढरोम. अशा केसाळ समुद्री किड्यांना मिळून पॉलिकीट म्हणतात. इथे एक गंमत सांगते. आपल्या कानाला त्यातला 'कीट' हा कीटकासारखा वाटतो, पण त्याचा कीटकाशी काही संबंध नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ केस. पॉलि म्हणजे पुष्कळ. पुष्कळ केसवाले, एवढंच.

जगात या पुष्कळ केसवाल्यांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. काही इतके देखणे की मोराने मान खाली घालावी. आपली कॅपिटेला त्यांतली नाही. दोन-तीन सेंटीमीटर लांब, शिवायच्या दोऱ्याएवढी जाड, लाल रंगाची. डोकं म्हणजे नुसतं एक छोटं टोक, मिशा नाहीत, जबडे नाहीत. केस आहेत पण भिंगाखाली धरल्याशिवाय दिसणार नाहीत. लाल रंग हिमोग्लोबिनचा. पण तिला रक्तवाहिन्या नाहीत. शरीराच्या पोकळीतच लाल पेशी तरंगत असतात. काम एकच: गाळ खायचा, त्यातलं सेंद्रिय तेवढं पचवायचं, उरलेला मागून सोडायचा. जिथे सांडपाणी येतं, गाळ काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो, ऑक्सिजन संपत येतो आणि बाकीचे जीव निघून जातात किंवा मरतात, तिथे ही खुशाल वाढते. म्हणून तिला प्रदूषणाची सूचक मानतात.

आता वर्णन पुन्हा वाचा. लाल दोरा, टोकदार डोकं, काही खास खुणा नाहीत. नाव देणाऱ्यासाठी याहून वाईट गिऱ्हाईक नाही.

पाद्री आणि त्याचा गांडूळ

ऑटो फॅब्रिशियस नावाचा डॅनिश पाद्री १७६८ साली ग्रीनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेला आणि १७७३ पर्यंत राहिला. गेला धर्मप्रसारासाठी, पण माणूस हौशी. तिथल्या लोकांची भाषा शिकला, त्यांच्यासारखी कातड्याची होडी चालवायला शिकला, सीलची शिकार शिकला, आणि हाताला लागेल तो प्राणी बघून टिपणं काढत राहिला. परत आल्यावर १७८० साली त्याने ग्रीनलँडच्या प्राण्यांवर लॅटिनमध्ये पुस्तक काढलं, 'फाउना ग्रोनलँडिका'. त्यात व्हेल आहेत, पक्षी आहेत, मासे आहेत, आणि एका कोपऱ्यात चिखलातला एक लाल किडा आहे. त्याला दिसला गांडुळासारखा, म्हणून त्याने गांडुळाचंच घराणं लावलं: लुम्ब्रिकस कॅपिटाटस.

नावाची पद्धत थोडक्यात सांगते, कारण पुढे लागणार आहे. पहिला शब्द आडनावासारखा, शाळेच्या पुस्तकात त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा शब्द त्या जातीचा, म्हणजे स्पीशीजचा. लिनियसने १७५८ साली काढलेल्या आवृत्तीपासून प्राण्यांची नावं मोजायची, असा जगाचा करार आहे. त्यानंतर जो पहिलं रीतसर नाव देईल त्याचं नाव चालणार.

पुढे १८२८ साली ब्लाँव्हिल या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने म्हटलं की हा काही गांडूळ नाही, याचं घराणं वेगळं, आणि त्याने नवी प्रजाती केली, कॅपिटेला. आता लुम्ब्रिकस पुल्लिंगी, कॅपिटेला स्त्रीलिंगी. काळा घोडा, पण काळी घोडी. तसं कॅपिटाटस बदलून कॅपिटाटा झालं. लॅटिनमधून दोन्ही शब्द डोक्यावरून आलेत. कॅपिटेला म्हणजे छोटं डोकं, कॅपिटाटा म्हणजे डोकं असलेली. डोकेवाली डोकुली! ज्या किड्याला डोकं म्हणून दाखवण्यासारखं काही नाही त्याच्या नावात डोकं दोनदा.

आणि हे पूर्ण लिहायचं कसं? कॅपिटेला कॅपिटाटा (फॅब्रिशियस, १७८०). त्या कंसाकडे लक्ष द्या. तो सजावटीचा नाही. कंस म्हणजे, जातीचं नाव याने दिलं, पण त्याने ती दुसऱ्या प्रजातीत ठेवली होती, नंतर कोणीतरी हलवली. कंस नसेल तर ती जात जिथे नोंदली तिथेच आहे. मी शिकत असताना दोन वर्षं हे कंस मनाला येईल तिथे घालत होते. परीक्षकांनाही कधी खटकलं नाही, ही त्याहून वाईट गोष्ट.

फॅब्रिशियसचा दोष नाही, पण एक गोष्ट त्याच्याकडून राहिली. आज नवी जात नोंदवताना एक नमुना बाटलीत घालून संग्रहालयात ठेवावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. तो नमुना म्हणजे त्या जातीचा आदर्श वगैरे नव्हे. जमिनीच्या मोजणीत हद्दीचा दगड असतो ना, तसा तो असतो. दगड बघून शेत केवढं ते कळत नाही, पण भांडण झालं की मोजणी तिथून सुरू होते. नाव कोणाचं याचा वाद झाला की सगळे त्या बाटलीकडे जातात. फॅब्रिशियसच्या काळात ही रीतच नव्हती. कॅपिटाटाची बाटली नव्हती. होत्या त्या लॅटिनच्या काही ओळी.

सगळ्या वनस्पती तुपाला डालडा

मग दोनशे वर्षं काय झालं? आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे आणि अजूनही कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात, तसं झालं. कोणी इंग्लंडच्या बंदरात चिखल उकरला, लाल किडा: कॅपिटाटा. भूमध्य समुद्रात, जपानमध्ये, कॅलिफोर्नियात: कॅपिटाटा. वर्णन इतकं ढोबळ की काहीही बसावं.

यात पुस्तकांचाही हात आहे. पियेर फोव्हेल हा फ्रेंच अभ्यासक मोठा होता. फ्रान्सच्या पॉलिकीटांवरचे त्याचे १९२३ आणि १९२७ चे खंड इतके नेटके आणि इतके वापरायला सोपे की जगभर जिथे दुसरं पुस्तक नाही तिथे तेच उघडलं गेलं. १९५३ साली त्याचाच भारतीय पॉलिकीटांवरचा ग्रंथ अलाहाबादहून निघाला आणि आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी की समुद्र सगळा जोडलेला, मग किडेही सगळीकडे तेच असणार. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावरच्या किड्यांना युरोपातल्या जातींची नावं पटापट लागली. आणि किल्लीची अडचण अशी की ती 'यातलं काही नाही' असं कधी म्हणत नाही. तुम्ही शेवटपर्यंत गेलात की ती कुठलं तरी नाव हातात ठेवतेच. आमच्या श्रोतीचं नेमकं तेच झालं.

त्यातच १९५०च्या दशकात डोनाल्ड रीश यांनी लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांचा तळ तपासून दाखवलं की गाळात कुठले किडे आहेत यावरून घाण किती ते सांगता येतं, आणि सगळ्यात घाणेरड्या पट्ट्यात ही कॅपिटेला. तिथून हे नाव प्रदूषणाच्या अहवालांत शिरलं आणि ठाण मांडून बसलं. आज युरोपात निघालेला आणि भारतातही वापरला जाणारा अँबी नावाचा निर्देशांक आहे. त्यात तळातल्या जीवांचे पाच गट केलेत, पहिल्यात नाजूक, पाचव्यात घाणीवर पोसणारे. कॅपिटाटा पाचव्यात. म्हणजे तुम्ही संगणकात नाव टाकलं की त्या जागेचे गुण बदलतात.

तेल सांडलं आणि नाव फुटलं

१६ सप्टेंबर १९६९. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वेस्ट फाल्मथ गावाजवळ 'फ्लोरिडा' नावाचा तेलाचा बार्ज खडकावर चढला आणि सुमारे ७ लाख लिटर जळाऊ तेल पाण्यात गेलं. तेलगळतीच्या हिशेबात हा अपघात काही फार मोठा नव्हे. पण तो झाला वूड्स होल या समुद्रविज्ञान संस्थेच्या अगदी अंगणात. संशोधकांनी दुसऱ्याच दिवसापासून म्हणावं इतक्या लवकर नमुने घ्यायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं घेत राहिले. मासे, शेवंडं, शिंपल्या किनाऱ्याला मरून पडल्या. तळातले जीव साफ झाले. आणि मग त्या मोकळ्या झालेल्या गाळात एकच किडा उसळला. कोणता ते सांगायला नको.

तिथे फ्रेड ग्रासल आणि जूडिथ ग्रासल हे जोडपं काम करत होतं. त्यांना प्रश्न पडला, हा इतक्या झपाट्याने कसा वाढतो? म्हणून त्यांनी किडे जिवंत प्रयोगशाळेत आणले, गाळाच्या वाट्यांत पाळले, त्यांची अंडी-पिल्लं पाहिली. मला वाटतं सगळी गोष्ट इथे वळते. तोवर बहुतेकांनी हा किडा फॉर्मॅलिनमध्ये मेलेलाच पाहिला होता. मेलेले सगळे सारखे दिसतात. जिवंत ठेवल्यावर ते वागायला लागले वेगवेगळे.

काही माद्या मोजकी, मोठी, पिवळकाने भरलेली अंडी घालत. गाळाची नळी बांधून तिच्या भिंतीला आतून अंडी चिकटवायची आणि मादी तिथेच राहायची. पिल्लं बाहेर आली की थोडा वेळ पोहून जवळच्याच चांगल्या गाळात बसत. काहींची अंडी बारीक, पिल्लं पाण्यात तरंगत खात-पीत राहणारी, दूर जाणारी. कोणाचा विणीचा काळ एक, कोणाचा दुसरा. एकाच जातीत इतका फरक?

मग त्यांनी एन्झाइमं तपासली. त्या वेळी डीएनए वाचणं आजच्यासारखं सोपं नव्हतं. इलेक्ट्रोफोरेसिस म्हणून पद्धत होती: किडा वाटायचा, त्याचा रस जेलच्या पट्टीवर ठेवायचा, वीज सोडायची. तेच काम करणारं एन्झाइम, पण घडण थोडी वेगळी असेल तर ते कमी-जास्त अंतर धावतं. रंग दिला की पट्टे दिसतात. एकमेकांत लग्नं होणारी वस्ती असेल तर पट्ट्यांची सरमिसळ दिसायला हवी, दोन्हीकडचे गुण घेतलेली मुलं सापडायला हवीत. इथे ती सापडेनात. एकाच चिखलात, एकमेकांना खेटून राहणारे किडे, पण सोयरीक नाही. १९७६ साली 'सायन्स' या साप्ताहिकात दोघांचा लेख आला: कॅपिटेला कॅपिटाटा म्हणून जी प्रदूषणाची सूचक जात प्रसिद्ध आहे, त्या एका नावाखाली निदान सहा जाती आहेत.

सहा! आणि त्यासुद्धा प्रामुख्याने त्यांच्या घराजवळच्या चिखलातल्या. बाकीच्या जगाचा हिशेब अजून व्हायचाच होता.

नुसत्या नावाचं काय एवढं, असं कोणी म्हणेल. तर बघा. अंडी सांभाळणारी, पिल्लं जवळच सोडणारी जात एखाद्या जागी उसळली तर त्या उसळीला तिथलीच दोन-चार कुटुंबं पुरतात. पिल्लं दूर पोचवणारी जात उसळली तर ती पलीकडच्या खाडीतूनही आलेली असू शकते. पहिल्या बाबतीत संख्या बघून तुम्ही त्या जागेबद्दल बोलू शकता. दुसऱ्या बाबतीत अख्ख्या किनाऱ्याबद्दल बोलावं लागेल. कुठलं विष किती सोसतं, किती दिवसांत पिढी उलटते, हे सगळं जातीगणिक बदलतं. प्रयोगशाळेत एका जातीवर काढलेला आकडा दुसऱ्या जातीच्या चिखलाला लावला, तर तो आकडा नुसता शोभेचा.

तेहतीस वर्षं बिननावाची

आता मला खटकणारी गोष्ट. १९७६ साली कळलं की या सहा वेगळ्या आहेत. नावं मिळाली? नाही. त्यांना म्हटलं गेलं कॅपिटेला जाती एक, जाती दोन, जाती तीन. बारशापर्यंत बाळाला नुसतं बाळ म्हणतात तसं. फक्त हे बाळ तेहतीस वर्षांचं झालं.

आळस म्हणून सोडून देता येत नाही. अडचण खरी होती. सहांपैकी खरी कॅपिटाटा कोणती? एखादी तरी आहे का? जुनं नाव ज्या किड्याचं आहे त्यालाच चुकून नवं नाव दिलं तर गोंधळ दुप्पट. आणि खरी कोण हे ठरवायला हद्दीचा दगड हवा. दगड तर नाहीच. फॅब्रिशियसच्या त्या चार ओळी सहाही जणींना लागू पडतात. तरीही मला वाटतं की या कामाला कोणी पैसे देत नाही, नाव देणाऱ्याला कोणी बढती देत नाही, हेही कारण त्यात होतंच. दरम्यान त्या 'जाती एक'वर भ्रूणशास्त्राचे प्रयोग होत होते, ती प्रयोगशाळांत पिढ्यानपिढ्या पाळली जात होती. सगळ्यांना ओळखीची, पण रेशनकार्डावर नाव नाही.

अशा वेळेसाठी नियमांत एक वाट आहे. मूळ नमुना उरला नसेल आणि खरोखरचा गोंधळ असेल, तर नवा नमुना नेमता येतो, त्याला निओटाइप म्हणतात. पण अटी आहेत. नमुना मूळ जागेच्या शक्य तितका जवळचा हवा, मूळ वर्णनाशी जुळायला हवा, आणि सगळ्यांना बघता येईल अशा संस्थेत ठेवायला हवा. आपल्या दारचा किडा उचलून 'आजपासून हा कॅपिटाटा' असं म्हणता येत नाही.

जेम्स ब्लेक यांनी ते केलं. पश्चिम ग्रीनलँडचे नमुने घेतले, वलय न् वलय पाहिलं: धड कितव्या वलयाला संपतं, कुठले केस टोकदार आणि कुठले आकड्यासारखे, नराच्या आठव्या-नवव्या वलयावरचे प्रजननाचे काटे कसे. २००९ साली निओटाइप जाहीर झाला. दोनशे एकोणतीस वर्षांनी कॅपिटाटाला बाटली मिळाली. आणि मग दिसलं की ती उत्तरेकडच्या थंड पाण्यातली एक जात आहे, जगभर फिरणारी वगैरे काही नाही.

त्याच वर्षी ब्लेक, जूडिथ ग्रासल आणि केव्हिन एकेलबार्गर यांनी 'जाती एक'चं बारसं केलं: कॅपिटेला टेलेटा. ग्रीकमधल्या दीक्षाविधीच्या, आरंभाच्या शब्दावरून. कॅपिटाटाहून वेगळी म्हणून ओळखली गेलेली पहिली, म्हणून हे नाव. जूडिथबाईंनी १९७६ साली जिला वेगळी म्हटलं तिच्या नावापुढे अखेर त्यांचंही नाव लागलं. ब्लेक, ग्रासल आणि एकेलबार्गर, २००९. आणि हो, यांना कंस नाही. ती जिथे नोंदली तिथेच आहे.

टेलेटा फार मजेदार आहे. माद्या मिळेनाशा झाल्या की तिचे नर उभयलिंगी होतात, म्हणजे नरपण ठेवून अंडीही घालू शकतात. मोकळ्या गाळात दोन-चार जीव पोचले तरी वस्ती कशी उभी राहते, याचं थोडं उत्तर त्यात आहे. २०१३ साली तिचा संपूर्ण जनुकसंच 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला, एका जळूच्या आणि एका समुद्री गोगलगायीच्या जोडीने. आता कल्पना करा, नाव न देता तो छापला असता तर पन्नास वर्षांनी लोकांनी विचारलं असतं, हा नक्की कोणाचा?

वरच्या मजल्यावरचा गोंधळ

जातीचं झालं. पण ही बाई कोणाच्या घरातली? शाळेत आपण शिकलो की वलयी प्राण्यांचे गट वेगळे: इकडे पॉलिकीट, तिकडे गांडूळ, पलीकडे जळू. १८५० साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्रूबे याने पॉलिकीटा हे नाव दिलं तेव्हापासून ही मांडणी चालत आली. जनुकं वाचल्यावर ती टिकली नाही. २००७ आणि २०११ साली आलेल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं की गांडूळ आणि जळू हे पॉलिकीटांच्या शेजारचं घर नसून त्याच वाड्यातली एक खोली आहेत, केस गळालेली. आणि कॅपिटेलाच्या कुळाचे सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले चमचाकिडे, म्हणजे एकियुरा. त्यांना प्रौढपणी वलयंसुद्धा दिसत नाहीत, म्हणून त्यांना पूर्वी अगदी स्वतंत्र संघ मानत.

आता हे फॅब्रिशियसला सांगायला हवं होतं. त्याने हिला गांडूळ म्हटलं, ब्लाँव्हिलने त्याला खोडलं, आणि दोन शतकांनी कळलं की गांडूळ आणि ही एकाच मोठ्या शाखेवर बसलेत. सख्खी बहीण नव्हे, पण पाद्रीबुवा अगदीच चुकले नव्हते. पाठ्यपुस्तकातले तीन कप्पे मात्र मी लगेच फेकून देणार नाही. दहावीच्या मुलाला केस आहेत की चूषक आहेत हे आधी दिसू दे, वाडा नंतर दाखवू.

तर मग खाडीतल्या किड्याचं काय?

मी तिला लिहिलं ते इथेही सांगते. 'कॅपिटेला कॅपिटाटा' खोडायचं आणि नुसतं 'कॅपिटेला, जात निश्चित नाही' असं लिहायचं. यात कमीपणा नाही. उलट तुम्हाला काय माहीत आहे आणि काय नाही हे त्यातून स्वच्छ कळतं. प्रदूषणाचा निष्कर्ष कोसळतो का? ढोबळ निष्कर्ष नाही कोसळत. या प्रजातीतल्या बऱ्याच जणी सेंद्रिय घाणीच्या गाळात वाढतात, आणि एका जागी फक्त त्याच उरल्या असतील तर तिथे काहीतरी बिघडलंय हे खरं. पण 'सेंद्रिय घाण' म्हणा, नुसतं 'प्रदूषित' म्हणू नका. कारखान्याचं विष आणि गावाचं सांडपाणी यांतला फरक हा किडा एकटा सांगत नाही. आणि परदेशातल्या शोधनिबंधातून पिढीचा काळ, अंड्यांची संख्या वगैरे उचलून आपल्या खाडीला चिकटवू नका.

ब्राझीलमध्ये हे काम झालंय. तिथल्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं कॅपिटाटा म्हणून लिहिलेल्या किड्यांचं शरीर आणि डीएनए दोन्ही तपासलं, आणि २०१७ साली चार नव्या जाती नोंदल्या गेल्या. आपल्या किनाऱ्यावर कोण कोण आहे ते असंच बघावं लागेल, आणि त्याची सुरुवात बाटलीपासून होते. आपल्याकडे चिखल चाळला की सवयीने सगळं फॉर्मॅलिनमध्ये जातं, वर किडे उठून दिसावेत म्हणून रोझ बेंगालचा गुलाबी रंग. आकार छान टिकतो, पण डीएनएची वाट लागते. म्हणून प्रत्येक जागेचे पाच-दहा किडे वेगळे काढून तीव्र अल्कोहोलमध्ये टाकायचे, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: जागा, तारीख, भरती होती की ओहोटी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, मग बाटली राहते आणि किडा कुठला ते कोणालाच कळत नाही. आणि प्रोजेक्ट संपल्यावर ते टाकून न देता भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राला किंवा गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेला विचारायचं, ठेवून घ्याल का.

तिचं उत्तर आलं. सगळे किडे फॉर्मॅलिनमध्येच आहेत, म्हणाली, आणि गुलाबीही झालेत. पण पुढच्या अमावास्येच्या उधाणाला ओहोटी खूप लांब जाते, तेव्हा तिघी परत चिखलात उतरणार आहेत. कॉलेजच्या लॅबमधून अल्कोहोल मिळवायला अर्ज करावा लागतो, तो केलाय.